बाहीवरून घेतलेले माप

३ जून, सोमवार

मेहुण्याचे रक्तदाब मोजायचे मशीन आज आले. कुणाच्या तरी गाडीतून, टॉवेलात गुंडाळून. खोका नाही, माहितीचे पुस्तक नाही. फोनवर म्हणाला, आम्ही नवीन घेतले, हेही चालू आहे, बाबांना वापरा. त्याचे जुने बूटही असेच येतात, आणि ते मला बसतात असे घरातल्या सगळ्यांनी ठरवून टाकले आहे.

मशीन मात्र चांगले आहे. दंडाला बांधायच्या पट्ट्याला दुहेरी शिलाई आहे, कडेला गोट मारलेला, एक टाका सुटलेला नाही. मेहुण्याच्या घरातून आलेली ही पहिलीच नीट शिवलेली वस्तू.

कारण लिहून ठेवतो. मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजवा जवळजवळ गेला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले, रक्तदाब एवढा असताना मी डोळ्याला हात लावणार नाही. घरी सकाळ-संध्याकाळ मोजा, तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून गोळी घ्या, आकडे खाली आले की या. मात्र फार लांबवू नका, मोतीबिंदू फार पिकला की काढणे अवघड जाते.

मोजायचे काम माझ्याकडे आले. बायको म्हणाली, तुमचा रोजचा मापाचा धंदा, तुमचा हात स्थिर आहे. सासूबाई म्हणाल्या, घरात बसून खाणाऱ्याने एवढे करायला काय हरकत आहे. मी सकाळी आठला दुकान उघडतो. दुकान घराच्या खाली आहे, म्हणून ते घरात बसणे होते.

मामा म्हणाले, "जावईबापू डॉक्टर झाले. दहावी नापास डॉक्टर."

मी नापास नाही. परीक्षेला बसलोच नव्हतो. हे मी त्यांना अनेकदा सांगितले आहे.

४ जून, मंगळवार

आज सकाळी पहिले माप घेतले. औषधाच्या दुकानदाराने कोणते बटण दाबायचे ते दाखवले होते. बाकी माप घेण्याची पद्धत मला मामांनीच शिकवलेली आहे आणि तिच्यात चुकायची सोय नाही. माणूस आरशासमोर सरळ उभा करायचा. हात सैल खाली सोडायला लावायचे. सदरा काढायला लावायचा नाही, माप अंगावरच्या कपड्यावरूनच घ्यायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचे, गिऱ्हाईक बोलते ठेवायचे. गप्प उभा राहिलेला माणूस पोट आत घेतो, छाती फुगवतो आणि खोटे माप देतो. बोलायला लागला की खरा होतो.

तसेच केले. पट्टा बाहीवर घट्ट बांधला. बोलण्यासाठी हॉटेलच्या ऑर्डरचा विषय काढला. हॉटेलवाल्याला सगळ्या वेटरांसाठी कोट हवे आहेत आणि कापड बेतायचे काम मामा सोडत नाहीत. मी म्हटले, थोडे मी बेततो. झाले. मशीन घरघरत होते तेवढ्या वेळात त्यांनी माझा बाप, माझे गाव आणि मी शिवलेली पहिली विजार हे सगळे काढले.

वरचा आकडा एकशे शहात्तर, खालचा अठ्ठ्याण्णव.

मी घाबरलो. दुकानदाराने सांगितले होते, वरचा एकशे चाळीसच्या आत हवा. मामांनी विचारले, "किती?" मी सांगितले.

"मग डोळ्याचं राहिलं म्हणायचं," ते म्हणाले, आणि जेवायला बसले तेव्हा दोनदा वाढून घेतले. आकडा वाईट आला की दुसरा माणूस चार घास कमी खाईल. ह्यांचे सगळेच उलटे.

६ जून, गुरुवार

मामांनी आज एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या बेतल्या. चांगले काळे कापड होते. मी शिवायला घेतल्यावर लक्षात आले. दाखवले तर म्हणाले, खडूची खूण तुझी होती. खूण माझी नव्हती. ती पुसट होती, कारण त्यांनीच केली होती आणि त्यांना ती दिसत नव्हती.

दुकानात गिऱ्हाईक उभे होते. त्याच्यासमोर म्हणाले, "डोळे माझे गेले आणि अक्कल ह्याची. दोघांचं मिळून एक दुकान आहे."

गिऱ्हाईक हसले. मीही हसलो. संध्याकाळपर्यंत माझा जबडा दुखत होता.

सगळे भांडण कात्रीचे आहे. मामांची मोठी कात्री भिंतीला खिळ्यावर असते. त्यांच्या उस्तादाने दिलेली. तिला दुसऱ्याने हात लावायचा नाही. मी माझ्या लहान कात्रीने काज कापतो, दोरे कापतो, अस्तर कापतो. लग्नाला चार वर्षे झाली, मी अजून अस्तरावर आहे.

दुपारी मामा वर झोपतात. आज मी मोठी कात्री काढली आणि उरलेल्या काळ्या कापडातून दुसरी बाही बेतली. नीट आली. कात्रीची मूठ त्यांच्या अंगठ्याने झिजून खोलगट झाली आहे. माझा अंगठा तिच्यात नीट बसत नाही, घसरतो. काम झाल्यावर पुसून पुन्हा खिळ्यावर लावली, पाते होते त्याच बाजूला करून.

१० जून, सोमवार

आठवड्याचे आकडे घेऊन आमच्या डॉक्टरांकडे गेलो. एकही आकडा एकशे सत्तरच्या खाली नाही. डॉक्टरांनी स्वतःही मोजला. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आहे. मामा जिना चढून आले ते तडक कंपाउंडरशी नंबरावरून भांडले आणि भांडतच खुर्चीत बसले. तिथेही जास्तच आला. डॉक्टर म्हणाले, घरीही तेच आणि इथेही तेच, म्हणजे गोळी वाढवली पाहिजे. एकीच्या दोन झाल्या. डोळ्याचे नंतर बघू.

परत येताना मामा रस्त्याने शीळ घालत होते. हा माणूस आंधळा होत चालला आहे आणि शीळ घालतो आहे. मला वाटते मला चिडवायला घालत असावेत.

बायकोला सांगितले तर म्हणाली, "तुम्ही दोघं मोजायला म्हणून जाता आणि भांडायला उभे राहता." मी म्हटले, मी भांडत नाही, मी बोलते ठेवतो. ती म्हणाली, "आधी बाबा वर चहा पिऊन घेतात, मग दणादण जिना उतरतात, मग तुमच्यासमोर उभे राहतात. कुस्तीला निघाल्यासारखे." तिला मापातले काय कळते.

१३ जून, गुरुवार

आज संध्याकाळी मोजताना त्यांना बोलते ठेवायला माझ्याकडे विषयच उरला नव्हता. तर त्यांनीच सुरू केले. म्हणाले, "तुला घाई झाली आहे. म्हातारा झोपला की कात्री काढायची घाई." मला वाटले त्यांना कळले. पट्टा आवळत होता आणि माझेच हात गार पडले. पण ते तसेच बोलले होते, हवेत. पुढे म्हणाले, आमच्या शेजारचा एक जण डोळा करायला गेला तो काठी घेऊनच परत आला, असे असते. मग पुन्हा माझ्या बापावर आले.

एकशे एक्याऐंशी.

खरे लिहायचे तर आकडा बघून मला क्षणभर बरे वाटले. म्हणजे त्यांच्या तब्येतीबद्दल नाही. डोळा लांबला, आणखी पंधरा दिवस दुपारचे कोट मला बेतता येतील, एवढेच मनात आले. नंतर मी दोन भांडी पाणी प्यायलो.

१५ जून, शनिवार

दुपारी तीन कोट बेतले. बाह्यांचे मुंढे छान आले. मामांनी झोपून उठल्यावर तुकड्यांवरून हात फिरवला आणि विचारले, हे कधी बेतले. मी म्हटले, तुम्हीच नाही का सकाळी. ते काठावरून बोट फिरवत राहिले.

१९ जून, बुधवार

मामा पडले.

सकाळी खुर्चीतून उठले, एक पाऊल टाकले आणि इस्त्रीच्या टेबलावर आडवे गेले. इस्त्री गार होती हे नशीब. कपाळाला खोक पडली. मी धरायला धावलो तर तशा अवस्थेत म्हणाले, "लांब हो. तूच ढकलशील."

रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेले. खालच्या खोलीतच निजवून नर्सबाईने मोजले. वरचा अठ्ठ्याण्णव. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, काल संध्याकाळी घरी किती होता? मी म्हटले, एकशे बहात्तर. ते म्हणाले, हे शक्य नाही, तुमचे मशीन बिघडलेले आहे, दोन गोळ्या ह्यांना भारी पडत आहेत, उभे राहिले की रक्तदाब धाडकन खाली येतो आहे. पुन्हा एकच गोळी केली. मशीन घेऊन या म्हणाले, आमच्या मशीनशी ताडून बघू.

घरी सासूबाई म्हणाल्या, माझ्या मुलाने चांगले मशीन पाठवले होते, ह्याच्या हाताला यश नाही. मामा म्हणाले, मशीन फेकून दे आणि बरोबर स्वतःही जा.

२२ जून, शनिवार

मशीन घेऊन एकटाच गेलो. नर्सबाईने आधी तिच्या मशीनने माझ्याच दंडावर मोजले, मग आमच्या. फरक दोन-तीनचा. म्हणाली, मशीन ठणठणीत आहे. मग तुम्ही मोजता कसे ते दाखवा.

मी तिला उभे केले, हात सैल सोडायला सांगितला आणि पट्टा बाहीवर बांधू लागलो. ती म्हणाली, "अहो, सदरा शिवायचाय का माझा?"

मग तिने मला खुर्चीत बसवले, लहान मुलाला बसवावे तसे. पाठ टेकून. पाय जमिनीला पूर्ण टेकलेले, एकावर एक नाहीत. बाही वर, दंड उघडा. हात टेबलावर, पट्टा काळजाच्या उंचीला आला पाहिजे. हात खाली लोंबकळत असला की आकडा फुगतो. अर्धा तास आधी चहा नाही, तंबाखू नाही, जिना नाही. लघवीला जाऊन यायचे. पाच मिनिटे नुसते बसायचे. मग मोजायचे, एक मिनिट थांबून पुन्हा मोजायचे. "आणि एक शब्द बोलायचा नाही," ती म्हणाली. "माणूस नुसता बोलला तरी दहा-पंधरा वाढतात. भांडला तर विचारूच नका."

मी विचारले, दोन आकडे कशाला. ती म्हणाली, वरचा हृदय आवळते तेव्हाचा, खालचा ते सैल सुटते तेव्हाचा. हे मला पटकन कळले. कंबरेचे मापही आम्ही श्वास घेतलेला आणि सोडलेला, दोन्ही बघतो. नाहीतर जेवल्यावर विजार बसत नाही.

रस्त्याने येताना एकेक जोडत गेलो. उभे केले, ती चूक. हात सोडला, ती चूक. बाही, ती चूक. बोलते ठेवले, ती सगळ्यात मोठी. मी एवढे काळजीपूर्वक केले. एकही माप चुकवले नाही. आणि ज्या आकड्यावरून त्यांची गोळी वाढली तो आकडा माझा होता.

घरी आल्यावर बायकोने विचारले, मशीनचे काय म्हणाले. मी म्हटले, बघताहेत.

२३ जून, रविवार

कुणालाच सांगितले नाही. दुकान बंद होते. चार कोट बेतले.

२४ जून, सोमवार

आजही नाही. मामा दिवसभर मशीनला शिव्या देत होते. मशीनला तोंड नाही, त्यामुळे ते बरे पडते. मी मान हलवली. मान हलवली हे खोटे बोलणे होते का, ते ठरत नाही.

सांगितले तर पुन्हा नीट मोजावे लागेल. नीट मोजले तर आकडे बहुतेक चांगले येतील. मग डोळा होईल. मग कात्री.

हे लिहून खोडणार होतो. खोडत नाही. अक्षर चांगले आले आहे.

२५ जून, मंगळवार

आज सांगितले, पण सांगायला हवे तसे नाही.

मामा कपाळाच्या पट्टीसकट गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाला पडल्याची गोष्ट रंगवत होते. शेवटी म्हणाले, "मशीन खोटं आणि ते चालवणारा त्याहून." गिऱ्हाईक गेले आणि मी म्हणालो, "मशीन खरं होतं मामा. चूक माझी झाली. पण पद्धत तुमची होती."

मग सगळे सांगितले. उभे करणे, बाही, बोलते ठेवणे. एकेक सांगताना मला वाटले मी कबुली देतो आहे, पण आवाज माझा तसा येत नव्हता. बायको जिन्यात उभी होती. ती नंतर म्हणाली, तुम्ही चूक सांगत होता की बाबांना मारत होता?

मामा सगळे ऐकून घेतल्यावर उठले, ह्या वेळी टेबलाला धरून, सावकाश. बायकोला म्हणाले, "तुझ्या नवऱ्याला सांग. आजपासून माझं त्याचं बोलणं बंद."

२८ जून, शुक्रवार

अबोला कडक आहे. दुकानात आम्ही दोघेच असतो, तरी निरोप बायकोमार्फत जातो. "त्या कारकुनाला सांग, बटणं संपली." मी दोन हातांच्या अंतरावर बसलेला असतो. ती वरून ओरडते, "बटणं संपली हो." मी म्हणतो, "ऐकलं." ती खाली निरोप देते, "ऐकलं म्हणतात." मी वहीत लिहीत बसतो म्हणून कारकून. हे नाव पूर्वीचेच आहे.

पण मोजणे बायकोने सोडू दिले नाही. सकाळी चहाच्या आधी मामांना बेतायच्या टेबलाशी खुर्चीत बसवते. ते टेबल नेमके काळजाच्या उंचीचे आहे, हे मी आज पाहिले. मामा दंड उघडा करून टेबलावर ठेवतात आणि भिंतीकडे बघत राहतात. मी समोर घड्याळ घेऊन बसतो. पाच मिनिटे. चार वर्षांत आम्ही दोघे एका खोलीत पाच मिनिटे न बोलता कधी बसलो नव्हतो. त्यांचा श्वास ऐकू येतो. नाकात थोडी शिट्टी वाजते.

एकशे अडतीस, ब्याऐंशी. दुसऱ्यांदा एकशे चौतीस, ऐंशी. एका गोळीवर.

बायकोने आकडे मोठ्याने वाचले. मामा वर गेले. सकाळी खाल्ले नाही म्हणे.

१ जुलै, सोमवार

आकडे रोज चांगले येत आहेत. आणि मामा रोज जास्त उतरलेले. दुपारी अर्धे ताट तसेच ठेवतात. झोपत नाहीत, आढ्याकडे बघत पडतात. सासूबाई म्हणाल्या, जावयाचा धसका घेतलाय. असेल. माझा चेहरा रोज पाच मिनिटे बघायचा म्हणजे शिक्षाच आहे, त्यांना तो धूसर दिसत असला तरी.

ते झोपत नाहीत म्हणून मला कात्री काढता येत नाही. आज ते लघवीला गेले तेवढ्यात एक कॉलर बेतली. वाकडी आली.

५ जुलै, शुक्रवार

आमच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तारीख दिली, पुढच्या गुरुवारची. उजवा आधी. मामांनी डॉक्टरांना विचारले, सुई नेमकी कुठे देतात. डॉक्टर म्हणाले, हल्ली बहुतेकांना नुसते थेंब घालतो, काही कळत नाही. मामांनी विचारले, कळत नाही म्हणजे झोपवता का. नाही म्हणाले, जागेच असता. मामा म्हणाले, मग पाते दिसत असेल. डॉक्टर हसले.

येताना शीळ नव्हती.

११ जुलै, गुरुवार

जसे झाले तसे लिहितो.

बायकोला आज ताप, सासूबाईंना दगदग सोसत नाही, म्हणून मामांबरोबर मी गेलो. म्हणजे न बोलणारी दोन माणसे एका रिक्षात. मशीन टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतले होते. का घेतले ते सांगता येत नाही. सवय.

फाटकापासून दवाखाना लांब आहे. मामा भराभर चालले, दोनदा ठेचकाळले, माझा हात झटकला. आत बूट काढून बाकावर बसले आणि शेजारच्या माणसाशी जे बोलू लागले ते थांबेनात. उस्ताद, जुने दुकान, कुणाचा तरी लग्नातला सूट. इतके बोलताना मी त्यांना कधी ऐकले नव्हते, शिव्या सोडून. तिथल्या नर्सने त्या बोलण्यातच बाही सरकवून पट्टा बांधला आणि मोजले. एकशे चौऱ्याऐंशी.

डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, एवढ्यावर करणार नाही. अर्धा तास बसा. नाही उतरला तर घरी जा, मग पुढच्या महिन्यात बघू.

मामा तत्काळ खाली वाकले आणि बूट शोधू लागले. एक सापडला. दुसरा बाकाखाली होता, माझ्या पायाशी. ते हाताने चाचपत होते, फरशीवर इकडे-तिकडे. हात बुटापासून वीतभर लांब फिरत होता. मला दिसत होते. मी बूट दिला नाही.

मला राग आला होता. इतके दिवस घड्याळ धरून बसलो, आणि मामा कुणाशी तरी गप्पा मारून सगळे उधळणार. मी म्हणालो, अबोला मोडून, मोठ्याने, "चला मामा. झालं ते बरंच झालं. हॉटेलचे कोट मीच बेततोय. तुम्ही झोपलात की, तुमच्या कात्रीनं."

हात फरशीवर थांबला.

बराच वेळ ते तसेच वाकलेले होते. मला वाटले पुन्हा चक्कर आली. मग सरळ झाले, पाठ बाकाला टेकली, पायातला एक बूट काढून बाजूला सारला आणि नर्सला म्हणाले, "बाई, पुन्हा मोजायचं तर ह्या माणसाला मोजू द्या. ह्याच्याशी माझं बोलणं नाही."

नर्सला काही कळले नाही. मी तिला सांगितले, पद्धत आहे.

खुर्ची आणली. टेबल ठेंगणे होते म्हणून टॉवेलाची घडी दंडाखाली दिली. बाही सोडवून वर केली. हात बर्फासारखा गार होता. दवाखान्यात पंखे फार जोरात लावतात. घड्याळ लावले. पाच मिनिटांऐवजी दहा बसवले. ते समोर भिंतीकडे बघत होते. टेबलावरचा अंगठा आणि बोट मात्र मधूनमधून उघडत होते, मिटत होते. काहीतरी कापत असल्यासारखे. शेवटी तेही थांबले.

एकशे बावन्न. मिनिटाने एकशे सेहेचाळीस, चौऱ्याऐंशी. नर्सने तिच्या मशीनने ताडून पाहिले, तेवढाच. डॉक्टर म्हणाले, चालेल, आणा आत.

आत जाताना त्यांनी मागे वळून पाहिले नाही. बूट मी पिशवीत घातले.

बोललो ते बोलायला नको होते. आजारी माणसाला असे बोलत नाहीत. बायकोला सांगणार नाही.

१३ जुलै, शनिवार

पट्टी काल सुटली. आज सकाळी मामा स्वतः जिना उतरून खाली आले. आधी आरशात स्वतःला पाहिले आणि तोंड वाकडे केले. मग खिळ्यावरची कात्री काढली, पाते उजेडात धरून दोन्ही बाजूंनी तपासले. मग मी बेतलेल्या कोटांतला एक उचलला आणि दाराशी जाऊन मुंढा उलटा केला. मी शिलाई मशीनवर पाय ठेवून बसून होतो. शिवत नव्हतो.

"कारकून," ते म्हणाले. मला. मधे कुणी नव्हते. "हा मुंढा तू बेतलास?"

"हो."

"माझी कात्री हातात असून असा?"

आणि सुटले. मुंढा, कॉलर, वाकड्या कॉलरीची वेगळी चौकशी, माझा अंगठा, माझे गाव. दुपारपर्यंत तोंड बंद नाही. दोन कोट उसवायला लावले. बाकीच्यांना काही म्हणाले नाहीत, नुसते घडी करून ठेवले. कात्री पुन्हा खिळ्यावर गेली. खिळा मात्र त्यांनी हलवला आहे, आधी त्यांच्या बाजूच्या भिंतीला होता, आता दोघांच्या मधल्या खांबाला ठोकला आहे. विचारले तर म्हणाले, तिथली भिंत पोकळ झाली आहे. मी नंतर ठोकून पाहिली. पोकळ नाही. दिसायला लागले म्हणून काहीतरी खुसपट.

संध्याकाळी मोजायला बसलो. डावा डोळा महिन्याने करायचा आहे, आकडे लागतील. पाठ टेकली, हात टेबलावर, दंड उघडा, सगळे बरोबर. पण पाच मिनिटे सोडा, अर्धे मिनिट गप्प बसेनात. एकशे अडुसष्ट.

"किती?" म्हणाले. मी सांगितले.

"मग डाव्याचं राहिलं म्हणायचं," मामा म्हणाले, आणि जेवताना दोनदा वाढून घेतले.

असे चालणार नाही. उद्या काहीतरी भांडण उकरून काढले पाहिजे. साधेसुधे नाही, महिनाभर टिकेल असे. कशावरून काढावे याचा विचार करतो आहे.